मिशीआडचं बोलणं

आमच्या साचेखात्यात कानाला काही कामच नव्हतं. तीनशे माग एकदम चालू असले की कानाशी कुणी ढोल बडवला तरी कळायचं नाही. म्हणून महल्ला शहरातले आम्ही विणकर ओठांवर बोलतो. आवाज काढायचा नाही, फक्त तोंड नीट उघडायचं आणि शब्द जरा ताणून सोडायचा. दहा मागांपलीकडच्या माणसाचं सकाळी बायकोशी काय भांडण झालं, ते इकडे आम्हाला इत्थंभूत कळतं. संध्याकाळी कॉफीच्या दुकानात पलीकडच्या कोपऱ्यात दोघं आमच्याविषयी कुजबुजायला लागले, तर आम्ही इकडून उत्तर देतो. यावरून दोन मारामाऱ्या झालेल्या मला ठाऊक आहेत. त्यातल्या एकीत मी होतो.

तोहामी आला ते वर्ष माझ्या लक्षात आहे, कारण त्या वर्षी कापसावर अळी पडली होती आणि सगळ्या शहराचं तोंड कडू झालं होतं. आमची गिरणी कालव्याकाठची. भिंतींना कधीकाळी पिवळा रंग दिला होता म्हणून लोक तिला पिवळी गिरणी म्हणत. एका सकाळी आमचा मुकादम एका उंच, उन्हाने रापलेल्या माणसाला दंडाला धरून घेऊन आला आणि माझ्यासमोर उभा करून ओठांनी म्हणाला, "बयूमी, हा तुझ्या गळ्यात."

मी त्या माणसाकडे पाहिलं आणि मला आधी मिशीच दिसली. नंतर हळूहळू मागचा माणूस दिसला. मिशी कसली, दोन केरसुण्या नाकाखाली आडव्या बांधलेल्या. वरचा ओठ तर सोडाच, खालचाही अर्धा झाकलेला. वरच्या मुलखातले हे लोक, सईदी, मिशीला फार जपतात हे माहीत होतं, पण इतकी जपलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्या मागच्या माणसाने लगेच ओठ हलवले, "मिशीचं वेगळं तिकीट काढलं का रे गाडीत?" सगळी ओळ हसली. तोहामीला ते कळलं नाही. तोही हसला असावा, पण मिशीखाली काय चाललंय ते कुणाला दिसणार?

काम तो पटकन शिकला. गिरगा गावापलीकडे लोकांच्या उसात रोजाने राबलेला माणूस, त्याच्या बोटांना तुटलेला धागा सांधायचं कसब येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आलं. ओठ वाचायलाही तो महिन्याभरात शिकला, नजर घारीची होती. अडचण दुसऱ्या बाजूची होती. आमचं त्याला कळायचं, त्याचं आम्हाला काहीच कळायचं नाही. तो बोलायला लागला की मिशी वर-खाली व्हायची, बस. साचेखात्यात तो मुका होता.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही भिंतीच्या सावलीत फूल, म्हणजे शिजवलेल्या घेवड्याची उसळ, आणि कांदा घेऊन बसलो होतो. मी म्हटलं, "अरे बाबा, ती मिशी जरा कात्रीखाली घाल. तू बोलतोस की घास चावतोस, काही कळत नाही."

"मिशीचं नाव काडायचं न्हाई, उस्ता," तो म्हणाला. उस्ता म्हणजे मी. शिकवणाऱ्या कारागिराला आमच्याकडे तसंच म्हणतात.

"का? नवस आहे?"

"नवस न्हाई. बायको हाय."

मग त्याने सगळं सांगितलं. आईबाप लहानपणीच गेले. चुलता हाजी दर्दीर, त्याने वाढवला. त्याचीच मुलगी नबवीया याला दिली. लग्नाला सहा महिने झाले आणि तोहामीने ठरवलं की आता दुसऱ्याच्या उसात कोयता चालवायचा नाही, गिरणीत जायचं, खोली घ्यायची, बायकोला आणायचं. हाजीला ते मुळीच पसंत नव्हतं.

"आमच्याकडं मानूस गिरनीत गेला म्हंजी वाया गेला समजत्यात," तोहामी म्हणाला. "काका टेसनापतूर आला. म्हनला, जा. पर माझ्या पोरीला न्याया येशील तवा ह्याच तोंडानं ये. तोंड बदललं तर पोरगी माझ्याकडंच ऱ्हाईल. मी मिशीला हात लावून शबूद दिलाय."

मी हसलो. आता लाज वाटते, पण हसलो. आम्ही शहरातले लोक सईदी माणसाला हसायला काहीही चालतं असं मानून चालतो. तो मात्र हसत नव्हता. शमसी रोटीचा एक वाळका तुकडा त्याने फडक्यात बांधून ठेवला होता, उन्हात फुगवून भाजतात ती. नबवीयाने निघताना दिलेल्या रोट्यांतला शेवटचा. तो खात नव्हता, नुसता जवळ बाळगत होता.

आणखी एक खोड होती त्याची. आम्ही सगळे कानात सुताचे बोळे घालायचो. तो घालायचा नाही. म्हणायचा, "गावात माझ्या कानाचं नाव हाय. पाटाचं पानी कुनाच्या वाफ्यात वळलं ते मी बसल्या जागी सांगतो. बोळं घालून कान कशापायी मारू?" मी पुष्कळ सांगितलं की बोळे कान मारत नाहीत, माग मारतात. ऐकेल तर शपथ!

दुसऱ्या वर्षी मोठ्या सणाला तो गावी जाऊन आला. मिशी पाहून हाजी खूश झाला होता. "खोली घे आन घिऊन जा," असं त्याने चारचौघांत सांगितलं. तोहामी परतला तो तरंगतच. कालव्याकाठी खोल्या बघायला लागला. खिडकी हवी, गच्ची हवी, गच्चीवर ऊन हवं. "रोटी उन्हात ठिवावी लागती तिला," म्हणायचा. अख्खं महल्ला शहर पालथं घातलं, पण उन्हाची गच्ची परवडेल अशा जागी मिळेना.

त्याच उन्हाळ्यात ते झालं.

मंगळवारची सकाळ होती. माझ्या एका मागाचा धोटा दोन दिवस वेड्यासारखा करत होता. धोटा दिसायला लहान लाकडी होडीसारखा, पण दोन्ही टोकांना पोलाद असतं, आणि ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, इकडून तिकडे जाताना डोळ्याला दिसत नाही इतका वेगाने जातो. मी मुकादमाला सांगायचं म्हणत होतो आणि सांगितलं नव्हतं. त्या मागाकडे पाठ करून मी दुसऱ्यावर तुटलेला धागा सांधत होतो. तोहामी समोर, त्याचे दोन्ही हात त्याच्या ताण्यात गुंतलेले. सहज मान वर केली तर तो माझ्याकडे बघत होता आणि त्याची मिशी जोरजोरात हलत होती.

मला वाटलं, हसतोय. सकाळीच मी त्याची चेष्टा केली होती, की तुझ्या मिशीत चिमणीने घरटं केलंय, भाडं मागून घे. मला वाटलं त्याला आता कुठे ती कळली. मी त्याला ओठांनी म्हटलं, "हस, हस लेका," आणि काय गंमत आहे म्हणून मागे वळून पाहिलं.

धोटा माझ्या डाव्या डोळ्यावर बसला.

दवाखान्यात तीन दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. तिसऱ्या दिवशी उजवा मोकळा केला, डाव्याचं काही होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. कुणीतरी खाटेच्या पायथ्याशी येऊन उभं राहिलं. मी वळून पाहिलं तर अनोळखी माणूस. उंच, रापलेला, आणि नाकाखाली पांढरंफटक कातडं, नुकतंच सोलल्यासारखं. ओठ जाड होते. त्या माणसाला ओठ आहेत हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्याने तोंड उघडलं. आवाज काढला नाही. साचेखात्यातल्यासारखं, एकेक शब्द ताणून, ओठांवरच म्हणाला, "बाजूला हो." मग थांबला, आणि पुन्हा, "बाजूला हो, बाजूला हो. ह्येच म्हनत हुतो, उस्ता. तीनदा म्हनलो."

मी रडलो. फुटक्या डोळ्यातूनही पाणी येतं हे मला तेव्हा समजलं. तो पायथ्याशी बसला आणि माझे पाय चेपायला लागला, मी नको नको म्हणत असताना. मी एवढंच म्हणू शकलो, "अरे, तुझी बायको..." त्याने मान हलवली.

त्यानंतर दर गुरुवारी संध्याकाळी तोहामीच्या ओठावरून वस्तरा फिरायचा. एक गुरुवार चुकला नाही. साचेखात्यातला मुका माणूस बोलका झाला, आणि बोलायला लागल्यावर कळलं की गडी मोठा गप्पिष्ट आहे. पण गावी तो गेला नाही. सणाला नाही, काकांच्या गुडघेदुखीचं पत्र आलं तेव्हाही नाही. पत्रं लिहिणाऱ्याकडून लिहून घ्यायचा, "काम फार आहे, खोली शोधतोय." मिशीविषयी एक अक्षर नाही.

दोन वर्षांनी खोली मिळाली. तिसरा मजला, वर गच्ची, दिवसभर ऊन. मी म्हटलं, "आता दोन महिने मिशी वाढव. जा, बायको आण, मग पुन्हा काढ. कोण बघायला येतंय?"

"आन त्या दोन महिन्यात धोटा उडाला तर?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "मग मी येतो तुझ्याबरोबर. तुझी मिशी माझ्या डोळ्यापायी गेली, साक्षीला डोळाच येईल." तो नको म्हणाला नाही, यावरूनच मला कळलं की तो किती घाबरलाय. काकांनी नाही म्हटलं तर नबवीया गेली. आमच्या देशात कायदा काही म्हणो, वरच्या मुलखात बापाच्या दारातून बापाच्या मनाविरुद्ध बायको नेता येत नाही, आणि ज्याने वाढवलं त्याच्या दारातून तर नाहीच.

रात्रभराच्या गाडीत आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी इतकी वर्षं शेजारी उभं राहून आली नव्हती. तोहामीला ऐकू येत नव्हतं. थोडंफार नव्हे, जवळजवळ काहीच नाही. गिरणीत ते कळायचं कारणच नव्हतं आणि बाहेर तो आमचे ओठ वाचायचा, स्वतःही सवयीने ओठांवरच बोलायचा. आता डब्यात तो मला म्हणाला, "उस्ता, खिडकी लावू का, तुला वारा लागंल," तर समोरची बाई मुलाला उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. थोड्या वेळाने तिकीट तपासनीस आला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाला, "काय भांडण आहे तुमचं? पोलीस बोलवू?" मी म्हटलं, "भांडण नाही हो, तो मला संत्रं देतोय."

तोहामीच्या गावी, नगा सालिमला पोचलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. हाजी दर्दीरची बैठकीची खोली अंगणात उघडणारी, मातीच्या ओट्यांची. आम्ही येणार हे पत्राने कळलेलं, म्हणून भावकीतले सहा-सात जण आधीच बसले होते. प्रत्येकाच्या नाकाखाली एकेक मिशी. मधे हाजी. म्हातारा वाळका होता, पण त्याच्या मिशीपुढे तोहामीची जुनी मिशी म्हणजे पोरखेळ. पांढरीशुभ्र, हनुवटीच्या खाली उतरलेली, टोकं पिळलेली.

तोहामीने त्याच्या हाताचं, मग खांद्याचं चुंबन घेतलं. हाजीने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याची नजर त्या उघड्या ओठावर खिळली. खोलीतले सगळेच तिथे बघत होते. मला वाटलं, माणूस उघडा उभा असता तरी लोकांनी इतकं पाहिलं नसतं. आम्हाला बसवलं, काळा कडक चहा आला. मी हाजीला खेटून बसलो होतो. मी आपला चहा पीत राहिलो. आल्या आल्या मी बोलायला हवं होतं, त्यासाठीच गेलो होतो. पण मला वाटलं, आधी घरच्यांचं घरच्यांत होऊ दे. माझी जन्मभराची खोड आहे ही, सांगायचं ते वेळेवर न सांगण्याची.

हाजीने चहाचा पेला खाली ठेवला. मग हलक्या आवाजात, जणू फक्त त्याच्यासाठी, म्हणाला, "पोरा, तोंड कुटं हरवलंस?"

माझे कान बोळ्यांनी वाचवले होते म्हणून मला ऐकू आलं. तोहामीला फक्त मिशी हललेली दिसली. आपण आल्यावर काका पहिलं काय विचारेल, याचा त्याने अंदाज केला आणि साचेखात्यातल्या आवाजात ओरडला, "लई झकास झाला परवास! देवाची किरपा!"

खोलीत दोघं फिस्सकन हसले. हाजीच्या मानेची शीर फुगली. आवाज न चढवता तो म्हणाला, "गेलेली अब्रू परत आनशील?"

"आनलीय की!" तोहामी गरजला. "साखर बी आनलीय, हलवा बी आनलाय!"

आता कुणी हसलं नाही. एका पुतण्याने काठी जवळ ओढली. मी बोलायला तोंड उघडलं तोवर हाजीने हात वर केला आणि सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्या तोंडाच्या मानसासंगं माझी पोरगी जानार न्हाई."

तोहामीने मान डोलावली. चेहऱ्यावर एवढा आनंद, की मला ते बघवेना. "उद्याच्याच गाडीनं नेतो, काका!" तो ओरडला. "तुमी म्हनाल तसं!"

सगळे उठले. "काकाच्या घरात काकावर आरडतोस?" पुतण्या पुढे आला. "चुलत्याचं खाऊन मोटा झाला आन आता त्याचीच थट्टा करतुया!" तोहामी एकाच्या मिशीकडून दुसऱ्याच्या मिशीकडे बघत होता. सात मिश्या हलत होत्या आणि त्यातलं एक अक्षर त्याला वाचता येत नव्हतं. बावरून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओठांनी विचारलं, "काय झालं?"

तेव्हा मी मधे उभा राहिलो. "हाजी, त्याला ऐकू येत नाही," मी म्हटलं. "बहिरा झालाय तो. मागांनी कान खाल्ले त्याचे. त्याला वाटतं तो हळू बोलतोय."

"बहिरा? ह्यो?" हाजी माझ्यावरच भडकला. "ह्यो बसल्या जागी सांगायचा, पानी कुनाच्या वाफ्यात वळलं! मला शिकवू नगंस, बाबा!"

मग मी माझ्या डाव्या डोळ्याकडे बोट केलं आणि सगळं सांगितलं. धोटा, मिशी, बाजूला हो. दर गुरुवारचा वस्तरा. नीट सांगता आलं नाही, मागचं पुढे झालं, माझाही आवाज चढला असणार. "तुमच्या शब्दासाठी तो दोन वर्षं आला नाही आणि माझ्यासारख्यांच्या डोळ्यांसाठी मिशी वाढवली नाही. आता काठी कुणावर उचलायची ते ठरवा," असंही काहीतरी बोलून गेलो. पाहुण्याने असं बोलू नये. पण बोललो.

तोहामीचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. काहीतरी बिनसलंय एवढं त्याला कळलं होतं आणि तो दाराशी जाऊन अंगणाकडे तोंड करून उभा राहिला होता. हाजीने त्याच्या पाठीकडे पाहत हाक मारली, "तोहामी." पाठ हलली नाही. "तोहामी!" दुसऱ्यांदा मोठ्याने. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या, तो तसाच. तिसऱ्या हाकेला हाजीचा आवाज फाटला. मला त्या म्हाताऱ्याकडे बघवेना.

अंगणाच्या पार पलीकडे, चुलीजवळ, नबवीया उभी होती. पिठाचे गोळे मातीच्या थाळ्यांवर मांडून उन्हात फुगायला ठेवलेले, आणि ती त्यांच्यामधे, पिठाचे हात घेऊन. बैठकीत बाईने बोलायचं नाही, तिथून हाक मारायचीही नाही. ती स्वतःशीच पुटपुटली. आवाज कुणालाच आला नाही. पण माझा एक डोळा शाबूत होता. ती म्हणाली, "देवा, ह्यानं काय करून ठेवलं?"

आणि तोहामी तिला म्हणाला, "काय न्हाई केलं गं! मिशी काडली फकस्त!"

सगळी बैठक त्याच्याकडे वळली. नबवीयाने पिठाचा हात तोंडावर दाबला. तिला वाटलं आपण मोठ्याने बोललो. मग तिने हात हळूच खाली घेतला, आणि पुन्हा, अगदी श्वासाइतकं, ओठ हलवले. ते मीही वाचलं, पण सांगणार नाही. तोहामीने उत्तर दिलं ते मात्र सगळ्या गावाने ऐकलं. "व्हय, मला बी!"

पुतण्याने शरमून जमिनीकडे पाहिलं. तोहामीला वाटत होतं, हे दोघांचंच चाललंय.

"खोली हाय!" तो सांगत होता. "तिसरा मजला! गच्चीवर दिसभर ऊन! तुझ्या रोट्यांपायी दोन वरसं हिंडलो!" ती काहीतरी म्हणाली. "येशील ना पर? तुझ्या मनात काय हाय ते सांग. काका न्हाई म्हनत असतील तर मी जाईन, पर तुझ्या तोंडून ऐकून जाईन!"

नबवीयाने एकदा बैठकीकडे, बापाकडे पाहिलं. मग मान ताठ करून तोहामीकडे. ओठ आता सावकाश हलत होते, गिरणीतल्या मुरलेल्या विणकरासारखे. कुणी शिकवलं नव्हतं तिला. "पुरचुंडी दोन वरसांमागंच बांधलीया," ती म्हणाली. "त्यातल्या कापडाला आता वास याया लागला."

तोहामी हसला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. मी हाजीला तिचं वाक्य सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, कुणी विचारलं नव्हतं. हाजीची नजर एकदा चुलीकडे जात होती, एकदा दारातल्या पाठीकडे. चाळीस पावलांवरून पोरीचं न बोललेलं पोचत होतं आणि तीन हातांवरून त्याची हाक पोचत नव्हती. तो काठी टेकत उठला.

"जादला बोलवा," तो म्हणाला.

जाद म्हणजे गावचा न्हावी. तो मशिदीच्या बाभळीखालीच बसायचा, लगेच पिशवी घेऊन आला. हाजी अंगणात चौरंगावर बसला. "वरचा ओठ मोकळा कर," त्याने सांगितलं.

जादला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "टोकं कापू, हाजी?"

"टोकं न्हाई. ओठ दिसाया पायजे."

"काका!" पुतण्या ओरडला. "लोक काय म्हनतील?"

"लोकांचं मला ऐकू येतंय," हाजी म्हणाला. "कर रं, जाद."

पांढरे केस झग्यावर पडत होते. तोहामी दारातून धावत आला, "काका, नगा, काका!" म्हणून ओरडला, जादचा हात धरायला गेला. हाजीने नुसतं बोट दाखवून त्याला समोर बसवलं. काम झालं तेव्हा म्हातारा एकदम लहान दिसायला लागला. वरचा ओठ बारीक होता, एका बाजूला जुना व्रण होता. तो व्रण नबवीयानेही जन्मात पाहिला नसावा, ती चुलीपाशी उभीच राहिली.

हाजी पुढे सरकला, इतका की दोघांचे गुडघे लागले. त्याला आमची रीत माहीत नव्हती. बैलाला हाक मारावी तसं त्याने तोंड मोठ्ठं उघडलं, पण आवाज काढला नाही. पोरीला बघून त्याने एवढं ताडलं होतं.

"ऐकू येतंय का आता?"

तोहामीने होकारार्थी मान हलवली.

"पोरा, मी तीन हाका मारल्या. तू ऐकल्या न्हाईस म्हनून आरडलो, त्याचा राग न्हाई आला ना?"

तोहामीने त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. हाजीने हनुवटीला धरून ते वर केलं, कारण खाली बघणाऱ्याला ऐकू येत नाही हे आता त्याला समजलं होतं. पुन्हा ओठ हलवले, सावकाश, एकेक शब्द.

"ने तिला. आन गाडीत हळू बोलत जा. लोकांना वाटंल, भांडून नेतोयस."

"बरं काका," तोहामी म्हणाला. आपण अगदी हळू म्हणालो असं त्याला वाटलं. शेजारच्या छपरावरची सगळी कबुतरं उडाली.